खेळणाऱ्या वाढल्या, चालवणाऱ्या घटल्या

३ फेब्रुवारी १९८५. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या बंदिस्त क्रीडागृहात २२,१५७ माणसं जमली होती. बसायच्या जागा साधारण साडेपंधरा हजार, बाकीचे मिळेल त्या कोपऱ्यात. सामना होता मुलींच्या बास्केटबॉलचा, आयोवा विरुद्ध ओहायो स्टेट. मुलींच्या कॉलेज-बास्केटबॉलला तोवर एवढी गर्दी कुठेच झाली नव्हती.

आयोवाच्या मुलींच्या कोच होत्या व्हिव्हियन स्ट्रिंगर. त्यांना दोन वर्षांपूर्वी तिथे आणलं होतं क्रिस्टीन ग्रँट यांनी. ग्रँट या विद्यापीठाच्या मुलींच्या क्रीडा विभागाच्या प्रमुख. म्हणजे खेळणाऱ्या मुली, शिकवणारी बाई आणि ती नेमणूक करणारीही बाईच.

मुलींचा खेळ आहे, तर तो बायकाच चालवत असणार, असं आपण गृहीत धरतो. अमेरिकेत गेल्या पन्नास वर्षांत याच्या उलट झालं. १९७२ साली तिथल्या कॉलेजांतल्या मुलींच्या संघांपैकी ९० टक्क्यांहून जास्त संघांच्या कोच स्त्रिया होत्या. २०१४ साली हे प्रमाण ४३.४ टक्क्यांवर आलं होतं. मुलींच्या खेळांचे विभाग सांभाळणाऱ्यांतही १९७२ साली ९० टक्क्यांहून जास्त स्त्रिया होत्या. २०१४ साली क्रीडाप्रमुखाच्या पदावर २२.३ टक्के स्त्रिया उरल्या. व्हिव्हियन अकोस्टा आणि लिंडा जीन कार्पेंटर या ब्रुकलिन कॉलेजच्या दोन प्राध्यापिकांनी १९७७ पासून २०१४ पर्यंत देशभरातल्या कॉलेजांकडून माहिती मागवून हा हिशेब ठेवला. त्यांनी तो ठेवला नसता, तर ही घसरण कुणाच्या नजरेतही आली नसती.

याच काळात कॉलेजात खेळणाऱ्या मुली सुमारे ३० हजारांवरून दोन लाखांच्या पुढे गेल्या.

दोन्ही गोष्टी एकाच कायद्यानंतर घडल्या. मुली मैदानात आल्या तो कायदा आणि बायका खुर्चीवरून उतरल्या तो कायदा, दोन्ही एकच. हे कसं झालं ते समजून घ्यायला आपण आयोवाचाच हात धरून चालू, कारण या एका विद्यापीठात जवळजवळ सगळी गोष्ट सापडते.

आधी एक खुलासा. कॉलेजचा खेळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जिमखाना येतो. एक शारीरिक शिक्षण संचालक, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, प्रवासभत्त्यासाठी ऑफिसात खेटे. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठाचा क्रीडा विभाग म्हणजे मोठा उद्योग असतो. वर्षाचा खर्च दहा कोटी डॉलरच्या पुढे, फुटबॉलचं स्टेडियम साठ-सत्तर हजारांचं, टीव्हीचे करार, श्रीमंत माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या, खेळाडूंना शिष्यवृत्त्या. (फुटबॉल म्हणजे त्यांचा अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून खेळायचा.) या सगळ्याच्या माथ्यावर एक माणूस बसतो, ॲथलेटिक डायरेक्टर. कोच कोण, त्याचा पगार किती, कुठल्या संघाने विमानाने जायचं आणि कुठल्याने बसने, सरावाच्या चांगल्या वेळा कुणाला, पैसे कमी पडले तर कुठला संघ बंद करायचा, हे तो ठरवतो. या लेखात खुर्ची म्हणते ती मुख्यतः ही. अशा सुमारे अकराशे कॉलेजांची मिळून एक संघटना आहे, एनसीएए. तिच्यात तीन विभाग आहेत आणि खरा पैसा पहिल्या विभागात आहे.

एनसीएए १९०६ पासूनची. पहिली जवळजवळ पंच्याहत्तर वर्षं तिने मुलींसाठी एकही अजिंक्यपद स्पर्धा भरवली नाही.

मग मुली खेळत नव्हत्या का? खेळत होत्या, पण शारीरिक शिक्षणाच्या बाई शिकवण्याचं काम सांभाळून उरलेल्या वेळात त्यांना खेळवत. त्याचे वेगळे पैसे बहुधा नसतच. पॅट समिट १९७४ साली टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल कोच झाल्या तेव्हा त्या २२ वर्षांच्या होत्या. महिन्याला २५० डॉलर मिळत. मुलींचे खेळाचे कपडे त्या स्वतः धुवायच्या आणि सामन्याला जाताना व्हॅनही स्वतः चालवायच्या. पुढे याच बाईंनी १,०९८ सामने आणि आठ अजिंक्यपदं जिंकली.

म्हणून १९७२ चा तो नव्वद टक्क्यांचा आकडा ऐकून हळहळताना जपून राहिलं पाहिजे. तो काळ सोन्याचा नव्हता. त्या नोकऱ्या बायकांकडे होत्या, कारण त्या दुसऱ्या कुणाला नकोच होत्या. पुरुषांच्या वाड्याच्या मागे एक वेगळं गरीब घर होतं. घरात पैसा नव्हता, पण किल्ल्या बायकांच्या कमरेला होत्या.

आणि त्या किल्ल्यांनी पुष्कळ काही उघडलं, याकडे फार कमी लोक लक्ष देतात. १९७१ साली स्त्री-प्राध्यापिकांनी मिळून एआयएडब्ल्यू नावाची संघटना उभी केली. मुलींच्या आंतरकॉलेज खेळांसाठी, बायकांनी चालवलेली. दहा वर्षांत तिच्यात नऊशेहून जास्त कॉलेजं आली. स्पर्धांचं वेळापत्रक, नियमांची समिती, पंचांची निवड, हिशेब, टीव्हीशी बोलणी, ही सगळी कामं बायकांनी केली. खेळाडूचं शिक्षण आधी आणि खेळ नंतर, असा त्यांचा आग्रह होता. मुलांच्या खेळात पैशामुळे जे होत होतं ते आपल्याकडे नको, म्हणून सुरुवातीला त्यांनी शिष्यवृत्त्याही नाकारल्या. त्यावर मुलींनीच कोर्टात दाद मागितल्यावर १९७३ साली तो नियम मागे घ्यावा लागला. माझ्या मते त्या बायकांची ती चूकच होती, पण स्वतः निर्णय घ्यायचा, चुकायचं आणि दुरुस्त करायचं, नेतृत्व शिकायची दुसरी रीत नाही. क्रिस्टीन ग्रँट याच संघटनेत तयार झाल्या आणि १९८० च्या सुमाराला तिच्या अध्यक्ष झाल्या. त्या मूळच्या स्कॉटलंडच्या. हॉकीच्या कोच म्हणून कॅनडात आल्या, शिकायला आयोवात आल्या आणि १९७३ साली तिथे मुलींच्या खेळांच्या प्रमुख झाल्या.

आता कायदा. २३ जून १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी शिक्षणविषयक एका मोठ्या कायद्यावर सही केली. त्यातलं एक कलम म्हणजे टायटल नाइन. इंग्रजीत अवघे ३७ शब्द. अर्थ एवढाच, की केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही शैक्षणिक कार्यक्रमात कुणालाही केवळ स्त्री किंवा पुरुष म्हणून वगळता येणार नाही. त्यात खेळ हा शब्दसुद्धा नाही. हे कलम आणण्यात हवाईच्या खासदार पॅट्सी मिंक यांचा मोठा वाटा होता. तरुणपणी त्यांना डॉक्टर व्हायचं होतं आणि एकामागून एक वैद्यकीय महाविद्यालयांनी त्यांना बाई म्हणून दार बंद केलं होतं. ओरेगनच्या खासदार ईडिथ ग्रीन आणि सिनेटर बर्च बाय हे त्यांच्यासोबत होते. डोक्यात होते ते प्रवेश आणि प्राध्यापकांच्या नोकऱ्या. खेळाचं मैदान नंतर लोकांच्या ध्यानात आलं.

एनसीएएच्या मात्र लगेच ध्यानात आलं. पैसा मिळवून देणारे खेळ या कायद्यातून वगळावेत म्हणून १९७४ साली सिनेटमध्ये दुरुस्ती आली, ती टिकली नाही. १९७६ साली एनसीएए कोर्टात गेली, तिथेही काही निघालं नाही. कायदा हलत नाही हे कळल्यावर धोरण बदललं. मुलींचे खेळ टळणार नसतील, तर ते आपल्याच छपराखाली असलेले बरे.

जानेवारी १९८१ मध्ये एनसीएएने मुलींच्या पहिल्या विभागाच्या स्पर्धा सुरू करायचा ठराव केला. कॉलेजांना सांगितलं, वेगळी वर्गणी नको, अजिंक्यपदाला येणाऱ्या संघांचा प्रवासखर्च आम्ही देऊ, टीव्हीही आमचा. एआयएडब्ल्यूकडे एवढा पैसा कुठून येणार? २८ मार्च १९८२ या एकाच दिवशी मुलींच्या बास्केटबॉलचे दोन राष्ट्रीय अंतिम सामने झाले. एआयएडब्ल्यूचा रटगर्सने जिंकला, एनसीएएचा लुइझियाना टेकने. एनसीएएच्या त्या पहिल्या अंतिम सामन्यात हरलेला संघ होता चेनी स्टेट, कृष्णवर्णीयांचं एक छोटं कॉलेज. त्यांच्या कोच होत्या व्हिव्हियन स्ट्रिंगर. तिथूनच पुढच्या वर्षी ग्रँट यांनी त्यांना आयोवात आणलं. एआयएडब्ल्यू त्याच उन्हाळ्यात बंद पडली. एनसीएएने मक्तेदारीच्या जोरावर आपल्याला संपवलं, असा दावा तिने लावला होता, पण कोर्टात ती हरली.

मुलींना याने पैसा मिळाला, चांगली मैदानं मिळाली, टीव्ही मिळाला. खोटं कशाला बोला, खेळाडूंचा फायदाच झाला. पण ज्या समित्यांमध्ये शेकडो बायका निर्णय घ्यायला शिकल्या होत्या, त्या समित्या एका फटक्यात गेल्या. रोपवाटिका बंद करून दहा वर्षांनी बागेत झाडं का नाहीत असं विचारावं, तसं पुढे झालं.

कॉलेजांमध्येही तेच. तोवर बऱ्याच ठिकाणी मुलांचा विभाग वेगळा आणि मुलींचा वेगळा असे. दोन प्रमुख, दोन खुर्च्या. समानता हवी ना, मग दोन विभाग कशाला, असं म्हणत ते एकत्र केले गेले. ऐकायला किती रास्त! पण दोन खुर्च्यांची एक झाली की ती कुणाला मिळणार? ज्याच्याकडे फुटबॉल, मोठं बजेट आणि देणगीदारांची ओळख, त्याला. म्हणजे पुरुष-प्रमुखाला. मुलींच्या विभागाच्या बाई त्याच्या हाताखाली सहायक झाल्या. उलट उदाहरण फार थोडं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत १९७५ साली ज्युडी स्वीट यांच्याकडे एकत्र विभाग सोपवला गेला. अशा विभागाच्या त्या देशातल्या पहिल्या स्त्री-प्रमुख. १९९१ साली त्या एनसीएएच्या निवडून आलेल्या अध्यक्षही झाल्या. ते पद मानाचं होतं. संघटनेचा रोजचा कारभार चालवणाऱ्या पगारी प्रमुखाची जागा वेगळी, आणि तिथे आजपर्यंत एकही स्त्री बसलेली नाही.

काही विद्यापीठांनी वेगळे विभाग बराच काळ टिकवले. टेनेसीत ते २०१२ पर्यंत होते. आयोवात ग्रँट होत्या तोवर, म्हणजे २००० पर्यंत. त्या निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी दोन्ही विभाग पुरुष-प्रमुखाखाली एक झाले.

दुसरं कारण पगाराचं. मुलींच्या संघांना पैसा आला, कोचचं पद पूर्णवेळ आणि पगारी झालं, तसे पुरुषही अर्ज करू लागले. त्यात गैर काही नाही. गैर हे, की दार एकाच बाजूने उघडलं. हिशेब करून बघा. समजा कोचच्या १०० जागा आहेत, ५० मुलांच्या संघांच्या आणि ५० मुलींच्या. मुलांच्या संघांवर बाई कोच असण्याचं प्रमाण २०१४ पर्यंत दोन-तीन टक्क्यांच्या पुढे फारसं गेलंच नव्हतं, म्हणजे त्या ५० पैकी एखाद-दुसरी. मुलींच्या ५० पैकी साधारण २२. बेरीज २३-२४. उरलेल्या ७६-७७ जागा पुरुषांच्या. पुरुषाला शंभर ठिकाणी अर्ज करता येतो, बाईला व्यवहारात पन्नासच ठिकाणी, आणि त्या पन्नासांतही अर्ध्याहून जास्त जागांवर पुरुष आहेत. कोचमधूनच पुढचे व्यवस्थापक होतात, व्यवस्थापकांतून प्रमुख. तळाशीच चोवीस असतील तर माथ्यावर पन्नास कुठून येतील?

मग नेहमीचं उत्तर येतं, की बायकाच पुढे येत नाहीत. घर, मुलं, फिरती. फिरती खरी आहे. चांगल्या शाळकरी खेळाडूंना आपल्या कॉलेजात आणण्यासाठी कोचला वर्षभर गावोगाव हिंडावं लागतं, आणि तान्हं मूल घेऊन ते कठीणच. पण तान्ही मुलं पुरुष-कोचांनाही असतात. त्यांच्या घरी ती सांभाळायला कुणीतरी आहे, असं धरूनच त्या नोकरीचं वेळापत्रक आखलं गेलंय. आणखी एक गोष्ट दबक्या आवाजात चालते. अविवाहित बाई कोच असली की प्रतिस्पर्धी कॉलेजचे लोक मुलीच्या आईवडिलांच्या कानात कुजबुजतात, की त्या संघातलं वातावरण बरं नाही बरं का. अर्थ आईवडिलांना कळतो. समलिंगी असल्याच्या नुसत्या संशयावर कित्येक बायकांच्या पायाखालची जमीन अशी काढून घेतली गेली.

आणि फुटबॉल. क्रीडाप्रमुख निवडताना विद्यापीठाचे अध्यक्ष आणि मोठे देणगीदार पहिला प्रश्न विचारतात तो हा, की फुटबॉल सांभाळता येईल ना? बाई फुटबॉल खेळलेली नसते, म्हणून तिला हा प्रश्न हमखास. मुलींचे दहा-बारा संघ ज्याला सांभाळायचे आहेत, त्या पुरुष-उमेदवाराला मात्र तो मुलींचा खेळ कधी खेळला किंवा शिकवला आहे का, असं विचारायची पद्धत नाही.

१९८१ साली मुलींचे खेळ ताब्यात घेताना एनसीएएने एक तोडगा काढला होता. प्रत्येक कॉलेजच्या क्रीडा विभागातल्या सर्वांत वरच्या पदावरच्या बाईला एक खास दर्जा द्यायचा, म्हणजे बायकांचं म्हणणं मांडायला कुणीतरी राहील. १९९० पासून त्या दर्जाला ज्येष्ठ महिला प्रशासक असं नाव आहे. हेतू चांगला होता. काही ठिकाणी या बायकांनी खरोखर मोठं काम केलं. पण अनेक ठिकाणी एक बाई नेमली की कर्तव्य संपलं, असं झालं. दुसरी कशाला? आणि जी आहे तिच्याकडे खेळाडूंचं कल्याण, अभ्यास, नियमांची कागदपत्रं. बजेट, टीव्हीचे करार, फुटबॉल दुसऱ्यांकडे. प्रमुख निवडायची वेळ आली की तिला पैशाचा अनुभव नाही, असं म्हणायला सगळे मोकळे.

हे वाचताना मला माझी शाळा आठवते. आमच्या मुलींच्या खो-खोच्या संघाबरोबर जिल्ह्याला जाताना सर असायचेच, आणि सोबतीला एक मॅडम. कुणाला कुठल्या तुकडीत घ्यायचं ते सर ठरवायचे. मॅडम मुक्कामाच्या खोलीत रात्री मुली मोजायच्या. त्या स्वतः उत्तम खेळलेल्या होत्या, हे आम्हाला फार नंतर कळलं. तेव्हा कुणी विचारलंच नव्हतं.

आता परत आयोवात येऊ. एकत्र झालेल्या विभागात २००१ साली जेन मायर वरिष्ठ सहायक संचालक म्हणून आल्या. तेरा वर्षं त्यांनी काम केलं. २०१४ साली एक नवं उपप्रमुखपद तयार झालं, ते एका पुरुषाला मिळालं आणि त्याचा पगार मायर यांच्याहून जवळपास ७० हजार डॉलरने जास्त ठरला. त्याच वर्षी मुलींच्या हॉकी संघाच्या कोच ट्रेसी ग्रिसबॉम यांना खेळाडूंच्या तक्रारींनंतर काढून टाकलं गेलं. चौकशीत नियमभंग सापडलेला नव्हता. या दोघी जोडीदार होत्या. मायर यांनी आवाज उठवला, मग त्यांनाही विभागातून हलवलं गेलं. प्रकरण कोर्टात गेलं. मे २०१७ मध्ये ज्यूरीने मायर यांच्या बाजूने कौल दिला. स्त्री म्हणून आणि समलिंगी म्हणून भेदभाव, असमान पगार, तक्रारीचा सूड, सगळं मान्य केलं आणि १४ लाख डॉलरहून जास्त भरपाई ठरवली. त्याच महिन्यात विद्यापीठाने दोघींचे दावे मिळून ६५ लाख डॉलरमध्ये मिटवले. ज्या विभागात ग्रँट यांनी २७ वर्षं काढली, तिथली ही गोष्ट.

याच विद्यापीठातली दुसरी घटना शेजारी ठेवली की कायदा कुठे चालतो आणि कुठे अडखळतो ते लख्ख दिसतं. ऑगस्ट २०२० मध्ये कोरोनाच्या आर्थिक ताणाचं कारण देत आयोवाने चार संघ बंद करायचं जाहीर केलं. त्यात मुलींची जलतरणाची टीम होती. जलतरणपटू मुली टायटल नाइनखाली कोर्टात गेल्या. डिसेंबरात न्यायाधीशांनी टीम बंद करायला मनाई केली, फेब्रुवारीत विद्यापीठाने ती कायमची परत आणली. त्याच वर्षी, तडजोड होत असताना, मुलींची कुस्तीही सुरू करायचं विद्यापीठाने जाहीर केलं. आयोवा म्हणजे अमेरिकेचं कोल्हापूर, कुस्ती तिथे लोकांच्या रक्तात आहे, आणि तिथे मुलींना पहिल्यांदा विद्यापीठाची लाल माती, म्हणजे त्यांच्या भाषेत मॅट, मिळाली. कोच म्हणून आल्या क्लॅरिसा चन, २०१२ च्या ऑलिंपिकमधल्या कांस्यपदक विजेत्या.

मुलींनी काही महिन्यांत एवढं मिळवलं. मायर यांना वर्षं लागली आणि मिळाले ते पैसे, खुर्ची परत मिळाली नाही. फरक मोजण्याचा आहे. विद्यापीठात शिकणाऱ्यांत मुली किती, खेळाडूंत किती, शिष्यवृत्तीत किती, हे आकडे समोरासमोर मांडता येतात. १९७९ पासून सरकारकडे त्याचे निकषही आहेत. आकडा जुळला नाही की कॉलेज अडचणीत. कोचच्या आणि प्रमुखांच्या नेमणुकीत भेदभाव करणं हेही बेकायदाच आहे, पण तिथे असा कुठलाही आकडा जुळवायचा नसतो. प्रत्येक बाईने आपल्यावर, एकटीवर, अन्याय झाला हे सिद्ध करायचं. तेही नोकरी पणाला लावून, आणि ज्या क्षेत्रात सगळे एकमेकांना ओळखतात तिथे पुढचं काम मिळेल की नाही याची भीती बाळगून.

खुर्चीवर कोण आहे याने खेळाडूंना काय फरक पडतो, असं कुणी विचारलं तर मी मार्च २०२१ दाखवेन. एनसीएएची बास्केटबॉल स्पर्धा. मुलं इंडियानापोलिसला, मुली सॅन अँटोनियोला. ओरेगनच्या सेडोना प्रिन्स या खेळाडूने फोनवर एक छोटा व्हिडिओ काढला. मुलांना व्यायामाचं सुसज्ज दालन, मुलींना हलक्या डंबेल्सचा एक स्टँड. जागा कमी होती म्हणून असं झालं, असं आधी सांगितलं गेलं होतं, तर तिने मागचा रिकामा हॉल दाखवला. बाहेरच्या वकिलांकरवी चौकशी झाली आणि ऑगस्टमध्ये अहवाल आला. त्यात कळलं की मुलींच्या बास्केटबॉलच्या प्रमुख बाई ज्यांच्या हाताखाली होत्या, त्यांच्याकडेच मुलांच्या बास्केटबॉलचा कारभार होता. मार्च मॅडनेस हे प्रसिद्ध नाव मुलांच्या स्पर्धेलाच वापरलं जाई. मुलींचे टीव्ही-हक्क इतर डझनावारी खेळांच्या गाठोड्यात बांधून स्वस्तात विकले गेले होते. मुलींच्या बास्केटबॉलचे एकट्याचे हक्क २०२५ मध्ये वर्षाला ८ ते ११ कोटी डॉलरचे असतील, असा अंदाज अहवालाने दिला. डंबेल्स ही वरची साल होती. आत सगळी रचनाच तशी होती. मुलींच्या खेळाचं मोल ठरवणाऱ्या टेबलापाशी त्याच्यावर विश्वास असणारं माणूस शेवटचा शब्द बोलू शकत नव्हतं.

तीन वर्षांत काय झालं पाहा. एप्रिल २०२४ मध्ये मुलींचा अंतिम सामना, आयोवा विरुद्ध साउथ कॅरोलायना, सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. मुलांचा अंतिम सामना पाहिला १ कोटी ४८ लाखांनी. मुलींनी मुलांना मागे टाकण्याची ही पहिलीच वेळ. आयोवाकडून खेळत होती केटलिन क्लार्क, तेव्हाची सर्वांत गाजलेली कॉलेज-खेळाडू. दोन्ही बाकांवर बायका कोच होत्या. साउथ कॅरोलायनाच्या डॉन स्टेली, आणि आयोवाच्या लिसा ब्लूडर, ज्या २००० साली, ग्रँट यांच्या शेवटच्या वर्षी, तिथे आल्या होत्या.

वरच्या खुर्च्याही थोड्या हलू लागल्या आहेत. २०१७ साली व्हर्जिनिया विद्यापीठाने कार्ला विल्यम्स यांना क्रीडाप्रमुख केलं. विद्यापीठं आपसात खेळायला गट करतात, त्यांतल्या सर्वांत श्रीमंत पाच गटांत ही जागा मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. म्हणजे टायटल नाइननंतर ४५ वर्षांनी. २०२० साली व्हँडरबिल्टने कँडिस ली यांना नेमलं, ज्या तिथेच बास्केटबॉल खेळल्या होत्या. तिसऱ्या विभागातल्या लहान कॉलेजांत स्त्री-प्रमुखांचं प्रमाण बरंच बरं आहे. फुटबॉलचा पैसा जसा वाढत जातो तसं ते उतरत जातं. मला वाटतं, यापुढे बायकांना कार्यशाळेला पाठवून आत्मविश्वास शिकवणं पुरे झालं. त्यांच्या हातात बजेट द्या, फुटबॉलची जबाबदारी द्या, मुलांच्या संघांवर सहायक कोच म्हणून घ्या, आणि क्रीडाप्रमुख शोधताना अंतिम यादीत एकच बाई ठेवून हात झटकू नका.

क्रिस्टीन ग्रँट ३१ डिसेंबर २०२१ रोजी गेल्या. जानेवारी २०२४ मध्ये आयोवाने बेथ गेट्झ यांची क्रीडाप्रमुख म्हणून कायम नेमणूक केली. एकत्र विभागाच्या तिथल्या त्या पहिल्या स्त्री-प्रमुख. त्या स्वतः सॉकर खेळलेल्या, मुलींच्या संघाच्या कोच राहिलेल्या. ब्लूडर त्याच वर्षी निवृत्त झाल्या आणि त्यांची जागा त्यांच्याबरोबर दोन तपं काम केलेल्या जॅन जेन्सन यांनी घेतली.

जून २०२५ मध्ये, खेळाडूंनी एनसीएएवर लावलेल्या दाव्यात, कोर्टाने आणखी एक मोठी तडजोड मंजूर केली. आता विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाने सगळ्या खेळाडूंना मिळून २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. त्यातले किती फुटबॉलला, किती मुलांच्या बास्केटबॉलला आणि किती मुलींना, हे कायद्याने अजून ठरवून दिलेलं नाही. ते प्रत्येक विद्यापीठाच्या क्रीडाप्रमुखाच्या टेबलावर ठरतंय.